कॅरेक्टरचं भिंग

नातीनं लोखंडी पेटीतलं एक भिंग काढलं, दाराच्या उजेडाकडं धरलं, त्यातून आरपार बघितलं आणि म्हणाली, "धाकटी आजी, हिला काय कॅरेक्टर आहे गं."

पडवीत वाती वळत बसलेल्या आक्कांचे हात थांबले. "कुणाचं कॅरेक्टर?"

"लेन्सचं, मोठी आजी."

"मग असू दे," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

तुम्हाला ह्यात काही विशेष वाटायचं नाही. पण चाळीस वर्षांनी तो शब्द आमच्या घरात उच्चारला गेला होता, आणि नेमका त्याच बाईच्या कानावर पडला होता जिनं तो पहिल्यांदा घरात आणला.

कोण कुणाची ते आधी सांगते, नाहीतर मी बोलत सुटते आणि ऐकणाऱ्याला धागा सापडत नाही. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं घर वेल्ह्याला. माझे मालक मात्र भोरात फोटो स्टुडिओ चालवायचे, पुढं दुकान आणि मागच्या खोलीत संसार. मालक गेले, शटर उतरलं, आणि मी ती पेटी घेऊन वेल्ह्याला आक्कांच्या घरात राहायला आले. मला मूलबाळ नाही. नात म्हणजे आक्कांच्या मुलाची मुलगी. लग्नाचे फोटो काढते. भाटघरच्या पाण्याकाठी, तोरण्याच्या वाटेवर नवरानवरीला उभं करते आणि त्यांना सांगते की माझ्याकडं बघू नका, एकमेकांकडं बघा. आमच्या वेळी नेमकं उलटं सांगायचे.

तिच्या कॅमेऱ्याला मिररलेस म्हणतात, म्हणजे आत आरसा नाही. हे तिनं आक्कांना सांगितलं तर आक्का म्हणाल्या, "बरंय की. मलाबी आरसा कवाच पटला न्हाई."

आक्कांना लहानपणी देवी आल्या होत्या. वाचल्या, पण तोंडभर खड्डे राहिले. लग्न झालं ते सासऱ्यांनी शब्द दिला होता म्हणून. ह्या घरात मी आले त्या दिवसापासून बघतेय, कुणी फोटोचं नाव काढलं की आक्का चुलीपुढं जायच्या. लग्नाच्या, बारशाच्या एकाही फोटोत त्या नाहीत. एका फोटोत त्यांचा हात आहे, पंगतीत भात वाढताना.

तर नातीला जुनी भिंगं हवी होती. मध्ये एक कडं बसवलं की ती नव्या कॅमेऱ्याला लागतात. मी विचारलं, "तुझ्याकडं नवीन आहे की, मग हे जुनं भंगार कशाला?"

"नवीन लेन्स सगळं बरोबर दाखवते गं. म्हणून सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. जुनीत काहीतरी चुकतं. ते चुकणं म्हणजे कॅरेक्टर."

"म्हणजे खोट."

"खोट नाही. स्वभाव म्हण."

मला हसू आलं. आमच्यात बाईचं काही चुकलं की तिला कॅरेक्टर नाही म्हणतात, आणि भिंगाचं चुकलं की त्याला कॅरेक्टर आहे.

दोन दिवस आम्ही अंगणात भिंगं तपासली. कोंबडीवर तपासली, तुळशीवर तपासली, हंड्यावर तपासली. एक पन्नास एमएमचं होतं, त्यात मागची पानं भोवऱ्यासारखी गोल फिरायची आणि मधली कोंबडी देवीसारखी दिसायची. दुसरं माझं लाडकं. त्याच्या आत भोरच्या ओल्या भिंतीची बुरशी शिरलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. मालक ते फेकून देणार होते, मी देऊ दिलं नाही. त्या भिंगातून चेहऱ्यावर दुधाची साय धरल्यासारखी दिसायची. मुरूम, डाग, वण, सगळं सायीखाली. स्थळाला पाठवायचे फोटो आम्ही त्याच्यावरच काढायचो. किती मुली त्या बुरशीच्या जिवावर सासरी गेल्या ते मी सांगणार नाही, त्यातल्या काही अजून बाजारात भेटतात.

तिसरं नातीचं नवीन. ते स्वतःच डोळा शोधतं. माणूस समोर आला की एक चौकोन उडी मारून बुबुळावर बसतो. पापण्या मोजून घ्याव्यात.

नात म्हणाली, "हंगामाला दोनच नेणार. कुठल्या नेऊ?"

मी तिला सांगितलं, "फोटो कुणाला बघायचाय ते आधी विचारायचं. नवरीला बघायचाय तर सायीचं. पोराच्या मित्रांना बघायचाय तर भोवऱ्याचं. सरकारला बघायचाय तर नवीन."

ते ऐकून आक्का पडवीतून म्हणाल्या, "आणि भिताडाला बघायचा आसंल तर?"

आक्कांनी वाती बाजूला सारल्या. "ह्यांचा फोटू एकलाच हाय भितीवर. म्या मेल्यावर माझा कुठनं आणाल? आधार कार्डावरचा लावाल. एक काढून ठेवा. पर त्या भिंगानं काढा, तुमच्या दुकानातल्या. ज्येनं बाया गोऱ्या यायच्या." मग माझ्याकडं तोंड करून, "काय गं, हाय नव्हं ते?"

"हाय की," मी म्हणाले.

सत्तरी ओलांडलेली बाई पहिल्यांदा फोटो मागत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आरशात काय दिसत होतं त्यांना? धुकं. तेवढ्या धुक्यात त्यांना आपला चेहरा बहुतेक बरा वाटू लागला असावा.

आता तो शब्द.

स्टुडिओत मी नुसती बसत नव्हते. बघून बघून शिकले. काचेवर निगेटिव्ह ठेवून पेन्सिलीनं टचिंग करायचे, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग मिटवायचे, डार्करूममध्ये फोटो धुवायचे. शाळा माझी सातवीपर्यंत, पण हात चांगला होता. मालक बाहेर लग्नाला गेले की डार्करूम माझी. कामाला एक गडी होता, तोही आत यायचा, पाणी बदलायला. एका हळदीकुंकवाला आक्का वेल्ह्यात वीसेक बायकांत म्हणाल्या, "आमची धाकटी दिवसभर आंधाऱ्या खोलीत असती. परका गडी आत, आतनं कडी. कॅरेक्टर कुणी बघितलंय?" शब्द कुठून उचलला होता देव जाणे. मराठीत बोलल्या असत्या तर बायकांनी त्यांनाच गप्प केलं असतं. इंग्रजीत बोलल्या म्हणून ते खरं वाटलं.

ते वेल्ह्याहून नसरापूर, नसरापूरहून भोर, एसटीनं आल्यासारखं चार दिवसांत आमच्या दुकानात आलं. मालकांनी मला विचारलं. एकदाच विचारलं. मी नाही म्हणाले, ते बरं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पान्ह्यानं डार्करूमच्या दाराची आतली कडी काढून टाकली. चार भोकं राहिली. मी त्यांत मेण भरलं, नाहीतर उजेड आत यायचा. पुढं मी फोटो धुवायला बसले की कुणीही दार ढकलायचं आणि कागद काळे व्हायचे. मालक काळे कागद बघायचे आणि कचऱ्यात टाकायचे. कडी परत कधी बसली नाही. दुकान बंद झालं त्या दिवशीही ती भोकं तिथंच होती.

ह्या गोष्टीवर आक्का आणि मी कधी बोललो नाही. एका ताटात जेवलो, एकमेकींची दुखणी काढली, पण ह्यावर बोललो नाही.

फोटोच्या दिवशी मी त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, केस विंचरले. आक्का लाजत होत्या. "लई पावडर नगं गं, मेलेल्या बाईला पावडर लावल्यागत दिसंल."

"न्हाई लावत."

नातीनं सायीचं भिंग उचललं. मी तिला आत बोलावलं. "नवीन लाव."

"पण मोठ्या आजीनं..."

"आक्कांना धूसर आवडत नाही. घरच्यांनी ओळखावं असं म्हणत होत्या मला."

"मग नंतर कॉम्प्युटरवर थोडं साफ करते."

"काही करू नको. खरा राहू दे."

पोरगी भाबडी, तिनं नवीन लावलं. त्यानंही माझं समाधान झालं नाही. आक्का उजेडाकडं तोंड करून बसल्या होत्या, आणि समोरून उजेड आला की खड्डे भरून निघतात, हे टचिंग करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मी त्यांच्या हनुवटीला हात लावला आणि मान वळवली. उजेड आडवा आला. प्रत्येक खड्ड्याच्या एका काठाला ऊन आणि एका काठाला सावली. जरा कमी वाटलं म्हणून आणखी वळवली.

"त्येच लावलंय नव्हं?" आक्कांनी विचारलं.

"व्हय आक्का. त्येच."

मग त्या हसल्या. त्यांचं ते हसू मी पहिल्यांदाच दिवसाउजेडी नीट बघितलं.

फोटो मोठा करून, काच लावून भोरहून आला. नातीनं तो बघितला आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आजी, हा नको लावूया." मी खिळा आणि बत्ता घेऊन तयारच होते.

आक्का भिंतीपाशी आल्या. नाक काचेला लागेस्तोवर पुढं वाकल्या. "हिरवं दिसतंय. बाकी काय समजंना. कशी आलीय गं?"

"छान," मी म्हणाले.

पुढं महिनाभर जो येईल त्याला त्या फोटोसमोर उभं करायच्या. शेजारीण आली, दूधवाला आला, सोसायटीचा माणूस आला. "बघा की, आमच्या धाकटीनं काढून घेतलाय. कशी आलीया?" माणूस फोटो बघायचा, मग माझ्याकडं बघायचा. मी म्हणायचे, छान आलाय की नाही. मग तोही म्हणायचा, छान. कुणी जास्त धीट असेल तर म्हणायचा, बोलका आलाय. मी आत जाऊन चहा ठेवायचे, आणि खोटं कशाला सांगू, चहा मला गोड लागायचा.

मग भोरात डोळ्यांचं शिबिर लागलं. मीच त्यांना घेऊन गेले. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आजी, जुनं धुरकट भिंग काढून नवीन बसवणार. अगदी स्वच्छ दिसेल." एसटीत येताना आक्का माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "धाकटे, पैला माझा फोटू बघनार म्या."

मी तेव्हा सांगू शकत होते. भोर ते वेल्हे, नसरापूरला गाडी बदलायची, वेळ पुष्कळ होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. घरी जाऊन फोटो उतरवावा, काच फुटली म्हणावं, असंही आलं मनात. उतरवला नाही.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, काळा चष्मा आला. एका सकाळी आक्का चष्मा काढून भिंतीपुढं उभ्या राहिल्या. नात तिथंच होती. मी दारात.

पुष्कळ वेळ बघितलं. एक बोट काचेवर टेकवलं, गालाच्या जागी, आणि सावकाश फिरवलं, ओलं सारवण वाळलंय का बघतात तसं. वळल्या नाहीत.

"त्ये भिंग न्हवतं ह्ये."

"न्हाई."

"मान फिरवलीस माझी. दोनदा."

"व्हय."

"चांगलं येतंय तुला काम," आक्का म्हणाल्या.

नात रडायला लागली. "मोठी आजी, मी आत्ता काढते दुसरा. ती जुनी लेन्स आहे, तीच लावते. मला माहीत नव्हतं गं." ती पेटीकडं धावली, कडं शोधू लागली, भिंग फिरवून बसवू लागली. माझेही हात पुढं झाले. मला वाटलं, आता मी समोरून उजेड घेईन, पांढरी चादर धरेन, असा फोटो काढेन की बघणाऱ्यानं विचारावं ही कोण.

आक्कांनी पदरानं काच पुसली. स्वतःच्या बोटाचा ठसा तेवढा पुसला.

"कशाला? धाकटी छान म्हणलीय. आख्खं वेल्हं छान म्हणलंय. छान आलेला फोटू कुणी परत काढतं व्हय?"

"आक्का, आयका माझं," मी म्हणाले. "म्या हात जोडते."

त्या वळल्या. नव्या डोळ्यांनी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चाळीस वर्षांत कुणी मला इतकं नीट बघितलेलं नव्हतं. "तू बी लई सुरकुतलीस गं," म्हणाल्या. "मला धुक्यात तरणी वाटायचीस."

दोन्ही जुनी भिंगं नात घेऊन गेली. हिरडोशीकडं कुणाचंसं लग्न होतं, तिथल्या नवरीचे फोटो तिनं मोबाईलवर दाखवले. दुधावरची साय जशीच्या तशी. आक्का बघून म्हणाल्या, "ह्येला म्हणायचं कॅरेक्टर," आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

दुसरा फोटो त्यांनी काढू दिला नाही, आजवर. आहे तो फोटो मात्र त्यांनी मुलाला सांगून हलवला. दिराच्या शेजारी नको म्हणाल्या. स्वैपाकघराच्या भिंतीवर लावून घेतला, माझ्या पाटासमोर. मी जेवायला बसले की तो माझ्याकडं बघतो, आणि त्याच्याखाली आक्का बसतात, भाकरी मोडतात, माझ्या ताटात तूप वाढतात. तुपात कधी कमी करत नाहीत.

पाहुणे असोत नसोत, पहिला घास झाला की त्या विचारतात, "कशी आलीय गं मी?"

मी उत्तर दिल्याशिवाय दुसरा घास घेत नाहीत. त्यांना औषधाच्या गोळ्या आहेत, उपाशी राहून चालत नाही.

"छान," मी म्हणते.