तळव्याखालचं गाणं

मुळशीला जाताना मोटारीचा रेडिओ फार खरखरू लागला, म्हणून पौडला एका मिस्त्रीला दाखवला. त्याला जवळजवळ ऐकू येत नसे. रेडिओच्या जाळीवर तळवा टेकवून त्याने मला इंजिनाचा वेग कमीजास्त करायला लावलं.

"इंजिनासंगं खरखर वाढतीया. डायनमोची हाय."

डायनमोला त्याने खरखर शोषून घेणारा अंगठ्याएवढा कंडेन्सर जोडला आणि गाणं स्वच्छ लागलं. मी ओरडून तसं सांगितलं. त्याने पुन्हा जाळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"बाई गातीया न्हवं?"

मी मान डोलावली.

"काय म्हणतीया?"

गाणं प्रेमाचं होतं. भर रस्त्यात मी त्याला एकेक ओळ ओरडून सांगितली. ते संपल्यावरच त्याने हात काढला.

"बरं हाय गाणं," तो म्हणाला.