साठ चकत्या

चर्चच्या दाराशी एक लहान टेबल असायचं. त्यावर दोन भांडी आणि एक चिमटा. एका भांड्यात मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, वाटायच्या भाकरीच्या चकत्या, नाण्याएवढ्या, कागदासारख्या पातळ. दुसरं भांडं रिकामं. ज्याला कम्युनियन, म्हणजे चकतीचा तो प्रसाद, घ्यायचं असेल त्यानं आत जाताना चिमट्यानं एक चकती रिकाम्या भांड्यात टाकायची. जेवढी माणसं, तेवढ्याच चकत्या वेदीवर. ही शिस्त मावशींची. त्यांना सगळेच मावशी म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा.

सव्वीस वर्षं त्या वेदीची व्यवस्था बघत होत्या. मेणबत्त्या, फादरांचे झगे, वेदीवरची पांढरी कापडं, आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन पोचवणं. मिस्सा झाला की त्या वेदीशेजारच्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं त्या दिवशी किती चकत्या लागल्या तो आकडा लिहीत. वेदीवर अर्पण झालेली चकती म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, आणि ते उरवून ठेवायचं नसतं, एवढं त्यांचं साधं म्हणणं. त्यांच्याकडे राहणारा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. बायकोची शवपेटी या दारातून बाहेर पडली तेव्हापासून तो आत आला नव्हता. तो म्हणे, माझ्या बहिणीनं देवालाही रेशनवर ठेवलंय.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळा बंद झाल्या, घरांना कुलपं पडली, नेहमीचे फादर दोन महिन्यांच्या रजेवर गेले. त्यांच्या जागी दर रविवारी दोन बस बदलून एक निवृत्त फादर यायचे. चालताना भिंतीचा आधार घ्यायचे, हात थरथरायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी वेदीमागची कुलपाची पेटी उघडली, तर आत ईस्टरच्या अर्पण झालेल्या चकत्या होत्या, दोनशेच्या आसपास. त्या दिवशी गर्दी इतकी होईल असं नेहमीच्या फादरांना वाटलं होतं की टेबल न मांडता डबेच्या डबे ओतले होते. आता त्या उकाड्यानं मऊ पडायला लागल्या होत्या. फादर म्हणाले, आधी या संपवू, नव्या कशाला. मावशींना हे मनापासून पटलं. त्यांनी टेबल उचलून कोपऱ्यात ठेवलं. दर रविवारी नव्यानं लागायची ती फक्त फादरांची मोठी चकती आणि आजाऱ्यांसाठी दोन-तीन. कॅलेंडरवर आकडे पडले: चार, तीन, चार, चार.

मग बिशपांच्या कार्यालयातून सेक्रेटरीचा फोन आला. तरुण आवाज, फार अदबीचा. गेल्या चार रविवारी कम्युनियन घेणारे किती होते, एवढंच हवं होतं. मावशींनी चष्मा लावला आणि भिंतीवरचं वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, नक्की ना?

"छापलेलं चुकेल," मावशी म्हणाल्या, "माझं नाही चुकायचं."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून इथं मिस्सा होणार नाही. लोकांनी अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या चर्चमध्ये जावं, किल्ल्या जमा कराव्यात. रविवारी तिकडे बस नसते. मावशींच्या नवऱ्याला इथूनच दफनाला नेलं होतं. त्यांचा सगळा आठवडा रविवारला टांगलेला असायचा. तो गेला तर बाकीच्या सहा वारांचं काय करायचं, हे त्यांना कळेना.

भावानं पत्र वाचलं. डोळ्याला लावायचं भिंग लावून पुन्हा वाचलं.

"तीन? चार?" तो म्हणाला. "अगं ताई, सकाळी तू कुलूप उघडतेस तेव्हा पायरीवरच चार म्हातारे बसलेले असतात."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. माणसं विचारली होती, त्यांनी नव्या लागलेल्या चकत्या सांगितल्या होत्या.

त्या दुपारी त्यांनी सेक्रेटरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. खरा आकडा किती, त्यानं विचारलं. तीस, मावशी म्हणाल्या, पस्तीस धरा.

"चर्च चालू ठेवायला साठ लागत होते, मावशी," तो म्हणाला. "तुमच्यामुळं नाही झालं हे."

हे खरं होतं की त्यांना बरं वाटावं म्हणून होतं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी विचारलं, शेवटच्या रविवारी साठ आले तर? येऊ द्या की, तो म्हणाला. फोन ठेवायच्या आधी माणूस जे बोलतो ते होतं ते. मावशींनी ते वेगळं घेतलं.

आठवडाभर त्या दारं वाजवत फिरल्या. कुठं कुलूप, कुठं पडदे ओढलेले, कुठं शेजाऱ्याकडे किल्ली आणि गॅलरीत वाळलेल्या कुंड्या. जे भेटले ते म्हणाले, येऊ की, न यायला काय झालं. मावशी बोटांवर मोजत घरी येत, आणि भाऊ त्यांच्या बोटांकडे न बघता घड्याळाची चाकं पुसत बसे.

शेवटच्या रविवारी त्यांनी टेबल मांडलं नाही. स्वतःच्या हातानं साठ चकत्या भांड्यात घातल्या आणि भांडं वेदीवर नेलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माणसांच्या आधी आकडा धरला.

चौतीस आले. चौतिसावा त्यांचा भाऊ. तो शेवटच्या बाकामागं उभा राहिला आणि रांगेतही शेवटीच आला. फादरांनी नेहमीच्याच प्रार्थना म्हटल्या, निरोपाच्या कुठल्या म्हणायच्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग लोकांनी मावशींचे हात हातात घेतले आणि ऊन वाढायच्या आत ते निघून गेले.

भांड्यात सव्वीस उरल्या होत्या. चर्च बंद होणार म्हणून पेटीत काही ठेवायचं नव्हतं, आणि दोन बसच्या धक्क्यांत, त्या हातांत, त्या नेणं फादरांना जमणार नव्हतं. ते म्हणाले, खाऊन टाकू. दोघं वेदीच्या पायरीवर बसले. तेरा त्यांना, तेरा यांना.

लहानपणी मावशींना शिकवलं होतं, दात लावायचे नाहीत, जिभेवर विरघळू द्यायचं. पहिल्या चार विरघळल्या. पाचवी टाळूला चिकटली. फादरांनी प्याल्यात पाणी ओतलं, घोट घेतला आणि प्याला त्यांच्याकडे सरकवला. सातव्या चकतीपासून मावशी चावायला लागल्या.

"एवढ्या कशाला ठेवल्यात?" फादरांनी हळूच विचारलं.

"येतील असं वाटलं."

फादर उठले, पेटीचं दार उघडंच ठेवलं आणि तिच्यापुढचा, आत चकत्या असेपर्यंत तेवणारा लाल दिवा विझवला. भाऊ किल्ल्या घेऊन दाराशी थांबला होता. त्यानं तिथूनच विचारलं, झालं का, ताई?

मावशींच्या तोंडात शेवटच्या दोन होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.