कपाट बरं की ट्रे

मेहुण्याला गुडघ्यांखाली पाय नव्हते, तरी कीथ मॉसपने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मेरीपोर्टमध्ये ही गोष्ट अजून निघते आणि सांगणारे कीथला पार राक्षस करून टाकतात. त्याच मारामारीत मेहुण्याने, म्हणजे ॲलन रेल्फने, आपला नकली पाय उपसून कीथच्या दोन बरगड्या मोडल्या, हे मात्र सोयीने गाळतात.

कीथ मूळचाच गरम डोक्याचा. बाप कत्तलखान्यात कामाला होता. संध्याकाळी घरी आला की न्हाणीत पाणी लाल व्हायचं. रक्ताची भीती कीथला लहानपणीच मेली. शाळेत त्याने एका पोराचं नाक फोडलं, मग बॉक्सिंगच्या आखाड्यात बऱ्याच जणांची फोडली, आणि पुढे कुणी विचारायच्या आत सैन्यात भरती झाला. पलटणीत त्याचा सार्जंट निघाला आपल्याच गावचा ॲलन रेल्फ. सुट्टीत ॲलनच्या घरी जेवायला गेला, तिथे त्याची बहीण जॅनिस भेटली. वर्षभरात लग्न झालं. लग्नात ॲलन भाषण करताना म्हणाला, "पलटणीत माझं ऐकत नाही, आता घरी हिचं ऐकेल." लोक हसले. कीथही हसला.

मग दोघं अफगाणिस्तानात, हेल्मंडला गेले. तिसरा त्यांच्याच गावचा डीन ब्यूशर. हा गाडीच्या मागच्या बाजूला उभा राहून मशीनगन चालवायचा. गाडीला पोरं 'ट्रे' म्हणत. छप्पर नाही, दारं नाहीत, चहाच्या ट्रेवर कप ठेवावेत तशी माणसं उघड्यावर बसलेली. पण ट्रे पळायची झकास. शेतातून, नाल्यातून, कुठूनही. आणि चारी बाजूंचं दिसायचं.

त्याच उन्हाळ्यात लंडनहून एक बडा साहेब छावणीत आला. उघड्या गाड्या ठेवायच्या की जाड पत्र्याच्या बंद गाड्या विकत घ्यायच्या, यावर तिकडे वाद पेटला होता. साहेबाने पोरांनाच विचारलं. ॲलन पुढे झाला.

"साहेब, आम्हाला दिसू द्या. दिसलं तर आम्ही मारतो. कपाटात कोंडलंत तर आम्ही मरतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कीथनेही वाजवल्या.

आठवड्याभरात ॲलनचं म्हणणं खरं ठरलं. मक्याच्या शेताजवळून जाताना कणसांमधून एक माणूस उठला. खांद्यावर रॉकेटची नळी. ॲलनने त्याला आधी पाहिलं. "डावीकडे!" असा ओरडला आणि डीनने बंदूक फिरवली. इतक्या जवळून गोळ्या लागल्यावर माणूस पडत नाही, फाटतो. त्याचं रॉकेट आभाळात गेलं. भिंतीमागून दुसरा धावला, त्याला ॲलनने स्वतः टिपला. तो गुडघ्यांवर बसला, पोट धरून काहीतरी बोलत राहिला, आणि ॲलनने आणखी एक गोळी घातली. गाडी गावाबाहेर आणल्यावर कीथ चाकाशी ओकला. ॲलनने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"कपाटात असतास तर तो दिसला असता का तुला? बोल की."

"नसता दिसला," कीथ म्हणाला, आणि पुन्हा ओकला.

कोरड्या नदीच्या पात्रातला सुरुंग मात्र कुणालाच दिसला नाही. डावं चाक त्याच्यावर गेलं. डावीकडे ॲलन बसायचा. कीथ भानावर आला तेव्हा तोंडात वाळू आणि डिझेल होतं, आणि गाडीच्या जाळीला एक बूट लटकत होता. बूट रिकामा नव्हता. ॲलन खडकाला टेकून बसल्यासारखा दिसत होता, पण गुडघ्यांखाली नुसत्या चिंध्या होत्या आणि वाळू रक्त पीत होती. डीनचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तरी तो एका हाताने ॲलनचे खांदे दाबून बसला. कीथने मांडीला पट्टा आवळायला घेतला. ॲलनने त्याच्या तोंडावर बुक्की मारली.

"सोड, लेका! दुखतंय! सोड म्हणतो ना!"

कीथने सोडलं नाही. ॲलनने त्याच्या मनगटाला दात लावले, मांसापर्यंत. कीथ आवळत राहिला. हेलिकॉप्टर येईपर्यंत मेहुणा त्याला मारत होता, चावत होता, शिव्या देत होता, आणि शिव्या थांबल्या की कीथच त्याला थोबाडीत देऊन जागं ठेवत होता.

त्या सुमारास अशी मेलेली, लुळी झालेली पोरं बरीच जमा झाली होती. पेपरांत फोटो आले, संसदेत आरडाओरडा झाला, आणि घाईघाईने जाड बुडाच्या बंद गाड्या विकत घेतल्या गेल्या. ॲलनने साहेबापुढे उच्चारलेला शब्दच पोरांनी त्यांना चिकटवला: कपाट.

पुढच्या वर्षी कीथ आणि डीन कपाटातून हिंडले. पहिल्याच महिन्यात कपाटाखाली सुरुंग फुटला. चाक उडून शेतात पडलं, गाडी उचलली गेली आणि धाडकन खाली आली, आणि आतले सगळे जिवंत. कानांतून रक्त आलं एवढंच. डीन वरच्या झडपेतून डोकं काढून म्हणाला, "चहा कोण टाकतोय?" कीथ त्या दिवसापासून कपाटाचा भक्त झाला. इस्पितळातल्या ॲलनला त्याने फोन केला.

"हेच आधी दिलं असतं तर तुझे पाय असते रे."

पलीकडून ॲलनने फोन ठेवून दिला.

मग कालव्याचा दिवस आला. सकाळची वेळ, लखलखीत ऊन. कालव्याच्या बांधावरून वाट होती, ट्रेसाठी पुरेशी, कपाटासाठी नाही. दुसरी वाट सुरुंगांची. बांध कपाटाच्या वजनाने खचला आणि गाडी हळूच, जणू झोपेत कूस बदलावी तशी, पाण्यात उलटी झाली. कीथ पट्ट्यांत उलटा लटकला. गढूळ पाणी नाकात शिरलं. दारं इतकी जड की वर चिखलाचा दाब आल्यावर हलेनात. गाडीचा तळ आता डोक्यावर होता, तिथे टीचभर हवा उरली होती. त्याने पट्टा कापला, तोंड तिथे लावलं आणि कुत्र्यासारखा धापा टाकत राहिला. डीन बंदुकीच्या जागी होता. ती जागा आता सगळ्यात खाली, चिखलात रुतलेली. तिथून पत्र्यावर ठोके येत होते. कीथ खाली बुडी मारून हात घालायचा, कापड हाती लागायचं, ओढायचा, कापड सुटायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली. ठोके येत राहिले. मग अंतर पडायला लागलं. मागच्या गाडीवाल्यांनी साखळी लावून दार उखडलं तेव्हा कीथ बाहेर आला. डीनला दुपारी काढलं.

कीथ घरी परतला, सैन्य सोडलं आणि पुठ्ठ्याच्या कारखान्यात माल उचलणारी गाडी चालवायला लागला. ॲलन नकली पायांवर चालायला शिकला, चिडका झाला, जाडही झाला. दर रविवारी दुपारी दोघं माजी सैनिकांच्या क्लबात बसायचे आणि दोन ग्लासांनंतर भांडण ठरलेलं. नवल असं की पाय गमावलेला ॲलन अजून ट्रेचीच बाजू घ्यायचा, आणि बुडता बुडता वाचलेला कीथ कपाटाची. गाडी बदलली असती तर पाय वाचले असते, हे कबूल केलं तर आपण साहेबाला काय सांगितलं होतं तेही कबूल करावं लागेल, हे ॲलनला ठाऊक होतं. कीथचं कारण साधं होतं. सुरुंगावरून तो जिवंत घरी आला होता.

क्लबात ग्लास भरायला नोरीन ब्यूशर होती. डीनची आई. नवरा गेल्यावर तिने हे काम धरलं होतं. कीथ तिला अजून लहानपणीसारखा मिसेस ब्यूशर म्हणायचा. दोघांची गाड्यांवरून जुंपली की ती पलीकडे जाऊन टेबलं पुसायची.

त्या रविवारी टीव्हीवर संसदेच्या समितीची बातमी लागली. सैन्यासाठी नव्या चिलखती गाड्या घ्यायच्या होत्या. हलक्या की जड, चाकांच्या की रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या, यावर टाय लावलेली माणसं बोलत होती.

म्हातारा विल्फ टिनियन, जुना नौसैनिक, कोपऱ्यातून म्हणाला, "गाड्या कशाला? जहाजं घ्या. बेटावर राहतो आपण."

"तू गप पी रे," ॲलन म्हणाला. "हलक्या घ्यायला हव्यात. हे जड डबे उचलायला विमानं तरी आहेत का यांच्याकडे? पूल तरी आहेत का?"

"हलक्या घेऊन काय झालं ते तुझ्या विजारीत दिसतंय," कीथ म्हणाला.

विल्फ हसला आणि लगेच हसू गिळलं.

ॲलनने ग्लास खाली ठेवला. "माझे पाय गेले, मी गेलो नाही. मक्याच्या शेतात तुला कुणी वाचवला? कपाटाने?"

"आणि सुरुंगावर मला कुणी वाचवला? तू?"

"मग डीनला विचार ना," ॲलन म्हणाला. "विचार जाऊन त्याला कपाट कसं वाटलं. आतून ठोकत होता म्हणे."

ठोक्यांची गोष्ट कीथने आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती. दारूत, रडत, ॲलनला.

त्याने टेबलावरून झेप घेतली. ठोसा ॲलनच्या तोंडावर बसला, ओठ फाटला, खुर्ची मागे गेली आणि डोकं फरशीवर आपटलं. कीथ त्याच्या छातीवर बसून मारत राहिला. नाकाचं हाड मुठीखाली सरकल्याचं त्याला कळलं, तरी हात थांबेना. ॲलनने खालून त्याचा अंगठा पकडून उलटा मुरगळला. मग चाचपडत नकली पायाचा खटका सोडला, पाय उपसला आणि लोखंडी सांध्याच्या बाजूने कीथच्या कुशीत हाणला. एकदा, पुन्हा. कीथ कडेला कोसळला. ॲलन गुडघ्यांवर सरपटत त्याच्यावर चढला आणि पाय डोक्यावर उगारला. ग्लास फुटलेले, फरशीवर बिअर आणि रक्त, दोघं त्यातच लोळत होते. सोडवायला जायची कुणाची छाती होईना.

नोरीनने फरशी पुसायची बादली उचलली आणि घाण पाणी दोघांच्या डोक्यावर ओतलं. मग रिकामी बादलीच ॲलनच्या पाठीत घातली.

"झालं?" ती म्हणाली.

ॲलन पाय खाली ठेवून धापा टाकत बसला. "नोरीन, मी... तसं म्हणायचं नव्हतं मला."

"त्याला कपाट आवडायचं," नोरीन म्हणाली. "ऐका दोघंही. फोनवर सांगायचा मला. आई, आत गार असतं, झोप लागते. बस, एवढंच. तुझी बाजू नाही न् याची बाजू नाही. त्याला उकाडा सहन व्हायचा नाही, लहानपणापासून."

टीव्हीवर टायवाले बोलत होते. विल्फने उठून तो बंद केला.

नोरीन कीथकडे वळली. "चौकशीच्या वेळी कोर्टात म्हणाले, पटकन गेला. ठोकत होता म्हणजे पटकन नाही गेला. हो ना?"

कीथला बरगड्यांमुळे श्वास घेता येत नव्हता. खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. त्याने तो जाऊ दिला.

"नाही, मिसेस ब्यूशर. पटकन नाही गेला. मी ओढत होतो. कपडा हातात यायचा आणि सुटायचा."

"मला माहीत होतं," नोरीन म्हणाली. "पेटीत बघू नका म्हणाले, पण मी बघितलं. त्याची नखं गेलेली होती."

तिने बादली उलटी करून ठेवली, अंगावरचा एप्रन सोडला आणि कुणाकडेही न बघता आत गेली. आतून भांडी फोडल्याचे आवाज आले, एकामागून एक, आणि क्लबातला प्रत्येक माणूस मान खाली घालून ते ऐकत बसला.

पोलीस आले. कॉन्स्टेबलने ॲलनचं सुजलेलं तोंड पाहून विचारलं, "काय झालं?"

"पाय घसरला," ॲलन म्हणाला.

कॉन्स्टेबलने त्याच्या रिकाम्या विजारीकडे पाहिलं, मग फरशीवर पडलेल्या पायाकडे. वही खिशात ठेवली आणि निघून गेला.

जॅनिसने नवऱ्याला आणि भावाला एकाच गाडीतून इस्पितळात नेलं. वाटेत ती एवढंच बोलली, "तुम्हा दोघांना तिकडेच पुरून यायला हवं होतं," आणि मग रडायला लागली, इतकी की गाडी बाजूला घ्यावी लागली. पुढे कित्येक दिवस ती कीथशी बोलली नाही. ॲलनच्या पायाचा सांधा मोडला होता. तो दुरुस्त करायला दर खेपेला कीथलाच लांब प्रेस्टनच्या दवाखान्यापर्यंत गाडी हाकावी लागली, बरगड्या बांधलेल्या अवस्थेत. पहिल्या खेपेला दोघं जाता-येता मुके. दुसऱ्या खेपेला ॲलन म्हणाला, "ठोक्यांचं बोललो ते बोलायला नको होतं."

"नको होतं," कीथ म्हणाला.

त्याने माफ केलं नाही. ॲलननेही माफी मागितली नव्हती.

क्लबाने दोघांना हिवाळा संपेपर्यंत बंदी घातली. परत आले तेव्हा नोरीन कामावर होती. तिने कीथला ग्लास भरून दिला आणि म्हणाली, "माझ्या छपराखाली गाड्यांचं नाव काढायचं नाही. काढलं तर या वेळी बादली भरलेली घालीन डोक्यात."

दोघं तिचा शब्द पाळतात. रविवारी आत बसून फुटबॉलवर बोलतात, गुडघेदुखीवर बोलतात, विल्फच्या जहाजांना हसतात. मग कीथ कोट चढवतो, ॲलन काठी घेतो, आणि दोघं बाहेर गाड्या लावायच्या आवारात जाऊन उभे राहतात. समुद्राचा वारा तोंडावर येतो, ऐकू यावं म्हणून ओरडावं लागतं.

"वजन किती, लेका! पूल मोडेल तो!"

"मोडू दे पूल! आतला माणूस तर नाही ना मोडत!"