डिंभ्याचं तिकीट

घोडेगावहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत तो मला रोज दिसायचा. तिकीट डिंभ्याचं काढायचा आणि त्याच्या अलीकडच्या शिनोलीलाच उतरायचा. वाटेत मोबाइलवर एका छोट्या कंपनीचा शेअर बघायचा. मोठ्या फंडांनी तो किती घेतला, किती विकला, एवढंच. बघून झालं की मोबाइल मांडीवर पालथा घालायचा.

एकदा मला त्याच्याच शेजारी जागा मिळाली. न राहवून विचारलंच, “तिकीट डिंभ्याचं, मग शिनोलीला का उतरता?”

खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, “फंडवाले घेत व्हते, तवा मीच गावात सांगत सुटलो, मोटी लोकं घेत्यात, तुमीबी घ्या. चुलत्यानं घेतला, शेजाऱ्यांनी घेतला. मंग फंडवाले गपचूप इकून निघून गेले, भाव पडला, समद्यांचं पैसं बुडालं. त्यांना कुनाला तोंड दाखवायचंय, राव? आमच्या स्टॉपवर तर हीच मानसं बसल्याली असत्यात. म्हनून शिनोलीवरनं चालत जातो, अंधार पडल्यावर गावात शिरतो.”

“मग तिकीट डिंभ्याचं कशाला?”

“रोज वाटतं, आज जाईन.”

मला वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. आणि त्याच दमात तोंडून निघून गेलं, “कंपनी कोणती? आता स्वस्तात मिळत असेल ना?”

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“नाव सांगायचं सोडलंय, भाऊ.”

शिनोली आली, तो उतरला. कंपनी शोधायला काढलेला माझा मोबाइल हातात उघडाच होता. मी तो मांडीवर पालथा घातला.