मागणी न करणाऱ्यांची यादी

हेमांगी शिरपूरची. धुळ्याला आमच्याकडे येण्याआधी चार वर्षं ती ठिबक सिंचनाच्या एका दुकानात तक्रारी घ्यायची. शेतकरी फोनवर एवढंच सांगायचा, "पाणी येत नाही." मग ही विचारायची, काल काय केलं, कुठला व्हॉल्व्ह फिरवला, पाणी कुठपर्यंत पोचलं. ती सवय घेऊनच ती आमच्याकडे आली.

आमचं काम वेगळं. वेबसाइट बनवणाऱ्यांना प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून लिहावी लागू नये म्हणून तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. कुंदननं असा एक बनवला, नाव ठेवलं 'टेकू', आणि फुकट वाटला. देवपुरातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच. कुंदन कोड लिहायचा, मी माहितीची पानं लिहायचो आणि वापरणाऱ्यांना पुढं काय हवंय ते गोळा करायचं काम हेमांगीचं.

त्यासाठी एक पान होतं. कुणीही मागणी लिहायची, बाकीच्यांनी मतं द्यायची, ज्याला जास्त मतं ते पुढच्या आवृत्तीत. त्या वेळी सगळ्यात वर होता डार्क मोड, म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, तीनशे बारा मतांनी. कुंदन खूश होता. हेमांगी मात्र नावं बघत बसली होती.

"कुंदनभाऊ, टेकू वापरणारे अकराशे जण आहेत. मागण्या लिहिणारे तेच ते चाळीस. बाकीच्यांचं काय?"

"त्यांना काही अडचण नसेल."

तिनं फोन लावायला घेतले. बहुतेक जण "छान चाललंय" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. नशिराबादच्या बेबाबाईंनीही तेच सांगितलं, फक्त पुढं म्हणाल्या, "माह्या वहीनं भागते."

कसली वही, हे हेमांगीनं फोनवर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावची एसटी पकडून ती नशिराबादला गेली.

बेबाबाईंचा टायपिंगचा क्लास होता. मशिनं मोडीत निघाली, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या बाई स्वतःच वेबसाइट बनवायला शिकल्या. शाळा, मंगल कार्यालयं, केळीचे व्यापारी अशी त्यांची गिऱ्हाइकं. हेमांगी शेजारी स्टूल घेऊन बसली. "अक्का, तुम्ही तुमचं काम करा. मी नुसती बघते."

थोड्या वेळात पडद्यावर लाल अक्षरं आली. इंग्रजीत लिहिलं होतं की काहीतरी अनपेक्षित घडलं आहे. बस्स. कुठं, कशानं, काही नाही. बेबाबाईंनी शांतपणे वही उघडली, बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या, एक कंस बदलला आणि काम पुढं सुरू केलं. वहीत असे चौऱ्याहत्तर लाल संदेश उतरवलेले होते आणि प्रत्येकापुढं त्याचा खरा अर्थ आणि उपाय. दोन वर्षांच्या धडपडीतून एकेक सापडलेला.

"अक्का, हे आम्हाला का नाही कळवलं?"

"कायले कळवू बाई? चूक माही, अन् तक्रार तुमच्याकडे करू?"

हेमांगी धुळ्याला परतली ती अस्वस्थ होऊन. पुढच्या आठवड्यात तिनं आणखी तीस जणांना विचारलं, तेही नेमकं: लाल अक्षरं आली की तुम्ही काय करता? बावीस जणांकडे अशीच काही सोय निघाली. कुणाकडे चिठ्ठ्या, कुणाकडे मोबाइलमधले फोटो, एक जण तर दर वेळी मित्राला फोन करायचा.

कुंदन ऐकेना. "मागणी कुठंय? एकानंही मागितलेलं नाही."

"मागतील कसे? त्यांना वाटतं आपणच ढ आहोत." तिचा आवाज चढला होता. "एकदा माझ्याबरोबर चला. एकच अट, तासभर तोंड उघडायचं नाही."

कुंदन गेला. मीही गेलो. बेबाबाई काम करत होत्या, तो मागं उभा. लाल अक्षरं आली. ते वाक्य त्यानंच कधीतरी घाईत लिहिलेलं. दोनदा त्याचा हात माउसकडे गेला, दोनदा हेमांगीनं नुसतं बघितलं आणि तो मागं सरला. तास संपला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का, ही वही दोन दिवस द्याल?"

"नाही बाप्पा. माहा धंदा तिच्यावर चालते. इथंच बसून उतरवून घ्या."

आणि टेकू बनवणारा कुंदन टायपिंगच्या बाकावर बसून दुपारभर ती वही उतरवत राहिला.

चार महिन्यांनी नवी आवृत्ती आली. चूक कुठल्या ओळीत, कशामुळं आणि आता काय करायचं, हे साध्या इंग्रजीत आणि मराठीतही दिसू लागलं. चौऱ्याहत्तरांपैकी अडुसष्ट संदेश सुधारले. उरलेल्या सहांवर बेबाबाईंचा उपाय लागू पडतो, पण का, ते कुंदनलाही अजून उमगलेलं नाही. टेकू बनवायला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत बेबाबाईंचं नाव घातलं, तेव्हा क्लासचं नावही घाला म्हणाल्या. घातलं.

डार्क मोड लांबला म्हणून बरीच बोलणी बसली. हेमांगीनं प्रत्येकाला नावानिशी उत्तर लिहिलं, निर्णय का घेतला ते सांगितलं, कुणाला खोटी तारीख दिली नाही. काही समजले. सात-आठ जण टेकू सोडून गेले, त्याचं तिला वाईट वाटलं आणि ते तिनं लपवलं नाही.

मागण्यांच्या पानावर आता मतांच्या वर तिनं लिहिलेला एक प्रश्न असतो: 'या आठवड्यात कुठं अडलात?' पहिल्याच महिन्यात दोनशे सहा उत्तरं आली. त्यातल्या दीडशेहून जास्त लोकांनी आम्हाला याआधी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्यांतलं पहिलं उत्तर साक्रीच्या एका मुलीचं होतं, अर्ध्यावर तुटलेलं. हेमांगीनं नंबर शोधला, खुर्ची ओढली आणि फोन लावला.