राशीचा वरचा दाणा

वाशीमहून निघालो तेव्हाच अंग कुरकुरत होतं. कनेरगाव नाक्याला निजामाची हद्द लागली आणि करोडगिरीच्या (जकातीच्या) कारकुनानं माझी वळकटी सोडून पाहिली. आत पाहण्यासारखं काही नव्हतं. ती पुन्हा बांधायचं काम तेवढं माझ्या गळ्यात पडलं. साखऱ्याचा पाटील केशव माझा शाळासोबती. ज्वारीची मळणी बघायला ये, असं तो तीन वर्षं लिहीत होता. माझ्याजवळच्या सबबी संपल्या, म्हणून मी निघालो.

त्यानं पाठवलेल्या गाडीचा गाडीवान हिरामण लमाण तांड्यावरचा. उन्हानं मला जीव नकोसा झाला होता, पण तो बोलत होता.

"आमच्या आज्याचे बैल याच वाटेनं मीठ घेऊन यायचे, मास्तर. तवा पाटलाचा आजा वाट बघत बसायचा."

"मग?"

"मंग हिंगोलीला आगगाडी आली. आता आमी लोकाच्या वावरात राबून राहिलो."

यंदा त्याला माळावरचा एक तुकडा कसायला मिळाला होता. बियाणं हवं, म्हणून त्याची बहीण चांदली पाटलाच्या खळ्यावर उपणायला जात होती.

खळ्यावर पोचलो तेव्हा ती वावडीवर (उपणायच्या तिपाईवर) उभी होती. पापण्यांवरसुद्धा भुसा बसला होता. केशवनं मला सावलीत बसवून भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. मी जेवलो आणि तिथंच आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटे सुरू झाले. राशीच्या वरच्या दाण्याचं पहिलं सूप पाहुणा म्हणून मला मिळालं. मग सुतार-लोहार, त्यांच्यामागं कुंभार-न्हावी, आणि पार कडेला महार-मांग. तिथवर येईतो दाण्यात माती दिसू लागली. चांदली त्यांच्याही पलीकडं बसली होती. तिच्यासाठी दोन पाट्या मातेरं (खळं झाडून निघालेला दाणा) ठेवलं होतं.

"पाटील, एकच पाटी द्या, पर वरची द्या," ती म्हणाली. "पेरायची हाय. हे फुटकं उगवत न्हाई."

"तांड्याला राशीतलं देत न्हाईत, बाई. माझ्या बापानं बी दिलं न्हाई," केशव म्हणाला. आवाजात राग नव्हता, याचंच मला वाईट वाटलं.

मी उठलो आणि माझं सूप तिच्या पदरात ओतलं.

"तिचं झालं," केशव गड्याला म्हणाला. "मातेरं उचल. दोन वाटे कुनालाच न्हाईत. बराबर हाय का न्हाई?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मी विनवून पाहिलं, पण व्यर्थ. चांदलीनं पदराला गाठ मारली आणि ती निघून गेली. माझ्या उदारपणापायी तिच्या घरची महिन्याची भाकरी गेली होती.

परतताना मी हिरामणाची माफी मागितली.

"खायचं गेलं, हे खरं," तो म्हणाला. "पर चांदली म्हनली, उपाशी राहू, पर हा दाणा पेरू." थोडं पुढं गेल्यावर त्यानं मागं वळून विचारलं, "मास्तर, तुमी खळ्यावर काय काम केलं?"

"काही नाही."

"मंग पयलं सूप तुमाला काहून?"

तो खरोखरच विचारत होता. नाका येईपर्यंत मी बैलांच्या शेपट्या बघत बसलो.

घरी बायकोनं विचारलं, "मळणी कशी झाली?" दमलोय म्हणालो आणि अंथरुणावर पडलो. बोटही न हलवता पहिला वाटा मी घेऊन बसलो होतो, हे तिला सांगायला मला चार दिवस लागले.