आमचे इवाई आणि त्यांची बावडी

पडक्या भिंतीला हात जोडणारा आणि नव्या भिंतीकडे पाहून तोंड वाकडं करणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत एकच आहे, आणि माझ्या मुलीच्या नशिबाने तो तिचा सासरा आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे नातं मोठं अडचणीचं. भावाशी भांडता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो, इवायाला फक्त चहा देता येतो. त्यामुळे पोरीचं लग्न झाल्यापासून मी त्यांना चहा देतो आहे आणि ते माझ्या घराच्या भिंतींना नावं ठेवत तो पीत आहेत.

बरं, हा माणूस पुराणवस्तू खात्यातला असता तर मी समजू शकलो असतो. यांची उभी हयात कोरपन्याकडच्या एका सिमेंटच्या कारखान्यात गेली. पोती भरायच्या खात्यात होते. त्यांच्या डोळ्यांदेखत जितकं सिमेंट बाहेर पडलं तितक्यात निम्मा विदर्भ लिंपून झाला असेल. पण निवृत्त होऊन कुरखेड्याकडच्या आपल्या गावी परतले आणि सिमेंटशी त्यांनी उभा दावा मांडला. कुणी विचारलंच तर एखाद्या वाया गेलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं म्हणतात, "मी त्याले लहानपणापासून ओळखतो. भरवशाचा नाई थो." त्यांच्या हिशेबी जगात काळ दोनच, एक गोंडकालीन आणि दुसरा बिघडलेला. जुनं देऊळ गोंडकालीन, जुनी विहीर गोंडकालीन, आणि एकदा आमच्या आत्याबाईंचा पितळी अडकित्ता हातात घेऊन त्यांनी तोही गोंडकालीन ठरवला. आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तो लग्नानंतर चंद्रपूरच्या बाजारातून स्वतः आणला होता, पण इवायाला खोटं कसं पाडायचं म्हणून त्या मुकाट्याने सुपारी कातरत राहिल्या.

ओळखच अशी झाली. आमच्या चंद्रपूरच्या घरी पोरीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. पाहुणे जमले, भटजी आले, आणि मुलाचा बाप गायब. शोधाशोध झाली तेव्हा इवाई गावाच्या जुन्या परकोटापाशी सापडले. अंगावर नवं धोतर, डोक्याला टोपी, आणि एका बाईला ते समजावत होते की परकोटावर गोवऱ्या थापू नये. बाई म्हणत होती, "मंग कुठी थापू, तुमच्या पाठीवर?" इवायांनी त्यावर खरोखर विचार केला असावा, कारण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. शेवटी साक्षगंध तासभर उशिरा झालं आणि त्यात मुलाच्या बापाच्या हाताला शेणाचा वास येत होता. लग्नात मानपान काही नको म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकणार तोच म्हणाले, "फक्त तुमच्या घराचे कवेलू काढू नोका."

मी ती कौलं काढली. तीन-चार पावसाळे गळक्या घरात काढून झाल्यावर माणूस काय करणार? स्लॅब टाकला. बातमी कळताच इवाई दुसऱ्या दिवशी दारात हजर. आल्या आल्या हसले नाहीत, पाणी मागितलं नाही, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मयताला बसायला आल्यासारखे खाली मान घालून बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "काय झालं होतं त्याले?"

"कुणाला?"

"छपराले."

"गळत होतं."

"म्हातारपनी कोन गळत नाई, भाऊ?" एवढं बोलून ते उठले आणि माझ्या बायकोच्या हातचा चहासुद्धा न घेता गेले. त्या रात्री नव्या स्लॅबखाली मला अपराध्यासारखी झोप लागली, पण कोरडी लागली हेही सांगितलं पाहिजे.

चुकाही त्यांनी थोड्या केल्या नाहीत. पोंभुर्ण्याकडे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांना एक उभा दगड दिसला, एका बाजूने गुळगुळीत. झालं, इवायांनी तो कुणा वीराचा ठरवला, त्याला पाण्याने आंघोळ घातली, हळद वाहिली आणि शेतकऱ्याला बोलावून तासभर इतिहास सांगितला. शेतकऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, आमचा बैल अंग घासते याले." दुसरा कुणी असता तर काढता पाय घेतला असता. इवाई बैलाकडे पाहून म्हणाले, "पाहा, जनावराले समजते कुठी टेकायचं थे." आता सांगा, अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो गावातल्या बावडीत. वेशीजवळ चिंचेखाली काळ्या दगडाची पायऱ्यांची विहीर आहे. पायऱ्या उतरता उतरता मध्ये एक कमान लागते आणि तिच्याखालून गेलं की भर उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो. नळ आल्यापासून तिचं पाणी कुणी पीत नाही. एका उन्हाळ्यात कमानीचा दगड निखळला आणि खाली चरणारी शेळी थोडक्यात वाचली. सरपंच म्हणाले, आज शेळी वाचली, उद्या माणूस जाईल. मुरूम टाकून बावडी बुजवू आणि तिथे सभागृह बांधू. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचं ठरलं. त्यांचंही चूक नव्हतं, गावात चार माणसं जमायला सावलीची जागा नव्हती. पण इवायांना घास गोड लागेना. त्यांनी निर्धार केला की ग्रामसभेच्या आत कमान स्वतः दुरुस्त करायची, म्हणजे कुणाला धोक्याचं नाव काढायला जागाच राहणार नाही. आणि तीही सिमेंटने नाही, जुन्या रीतीच्या चुन्याने.

जुन्या चुन्यात म्हणे गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचं पाणी घालत. हे सगळं आधी मडक्यांत भिजवून चांगलं आंबू द्यायचं आणि मग त्यात चुना मळायचा. इवायांनी गोठ्यामागे, कडब्याच्या आडोशाला मडकी मांडली. आडोशाला का, तर गूळ घरातला होता आणि विहीणबाईंना विचारलेलं नव्हतं. आता गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि गावोगावच्या बाया दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा हुडकून मडकी फोडतात हेही ठाऊक आहे. इवायांच्या गावात या बायांच्या पुढारी कोण, तर खुद्द विहीणबाई. गोठ्यामागे, झाकलेल्या मडक्यांत, गूळ आंबवायला ठेवताना ही गोष्ट ज्याच्या लक्षात येत नाही असा नवरा शोधून सापडायचा नाही.

मी नेमका त्या दिवशी पाहुणा म्हणून गेलो होतो. चहाचा पहिला घोट घेतला आणि गोठ्यामागून मडकी फुटल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर काठ्या घेतलेल्या बाया, जमिनीवर तपकिरी ओघळ, आणि मधोमध शेवटचं मडकं पोटाशी धरून बसलेले आमचे इवाई.

"हे बावडीचं औषध होय," ते म्हणाले.

"सगळे औषधच सांगतेत," विहीणबाई म्हणाल्या. "मागच्या टायमाले एकानं बैलाचं सांगतलं होतं. तुमी बावडीचं सांगून राह्यले."

"अवो, मी कधी पेलो का?"

"आतापरेंत नाई पेले. रिकामे बसल्यावर मानसाले काय सुचन, सांगता येते का?"

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पाहुणा, त्यातून दारूबंदी नसलेल्या चंद्रपूरचा. म्हणजे मला दारूतलं कळत असणार असं सगळ्या बायांनी एकमताने ठरवलं. "इवाईभाऊ, तुमी चाखून सांगा." इवायांनी आशेने मडकं पुढे केलं. पोरीच्या सासू-सासऱ्यांमध्ये उभं राहून मी ओंजळ पुढे केली आणि प्यालो. ती दारू नव्हती, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. काय होतं ते आजही सांगता येत नाही. हिरड्याने टाळू आणि जीभ अशी काही एकमेकांना धरून बसली की संध्याकाळपर्यंत मला मान हलवूनच बोलावं लागलं. विहीणबाईंनी माझं तोंड नीट न्याहाळलं आणि काठी खाली ठेवली. पण मडकं एकच उरलं होतं, आणि ग्रामसभा दुसऱ्या दिवशी होती. इवाई त्या रात्री जेवले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, बोलावं काहीतरी, पण तोंड उघडत नव्हतं.

ग्रामसभेत इवाई उभे राहिले आणि बोलतच राहिले. बावडी कुणी खोदली असेल, दगड कुठल्या खाणीचा, कमान चुन्यावर इतकी वर्षं कशी तोलून उभी राहिली, सगळं सांगितलं. लोक आदराने ऐकत होते, म्हणजे पेंगत होते. मग बायांच्या घोळक्यातून विहीणबाई उठल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"यायनं सगळं सांगतलं. बावडी कोनं खोदली, दगड कुठून आनला. पानी कोन काढत होतं थे नाई सांगतलं. मी लगन करून आली तवा नळ नव्हता, हापशी नव्हती. हे कारखान्यात. क्वार्टर भेटेपरेंत मी इथी, सासूपाशी. पान्याचा एक पितळी गुंड डोक्यावर, एक कमरेवर, अन् ह्या पायऱ्या. पोटुशी होती तवाही चढली. एक डाव शेवाळावरून पाय सरकला, पडली. सासूनं इचारलं, गुंड चेपला का? पायाचं कोनं इचारलं नाई. दिवाळीले हे घरी आले, पानी पेले अन् म्हनाले, आपल्या बावडीचं पानी किती गोड हाये."

घोळक्यातल्या म्हाताऱ्या बाया खाली पाहत होत्या. त्यांत सरपंचांची आईही होती.

इवाई उभेच होते. "मले कोनी सांगतलं नाई," ते म्हणाले.

"तुमी इचारलं नाई."

मी या माणसाला परकोटासाठी भांडताना पाहिलं होतं, माझ्या छपरासाठी सुतक धरताना पाहिलं होतं. आता त्यांनी टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. मग सरपंचांकडे वळून म्हणाले, "बुजवून टाका." ज्याच्यासाठी माणूस जेवला नव्हता, ते त्याने एका वाक्यात देऊन टाकलं होतं. सरपंचांचा चेहरा उजळला आणि ते ठराव सांगायला लागले.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "बुजवा कोन म्हनते?"

"तुम्हीच तर म्हणाल्या, काकू," सरपंच गोंधळले.

"मी चढली म्हनून सांगतलं. बुजवा नाई म्हटलं. बुजवली तर आमी चढलो होतो हे कोन सांगन? हे?" त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "यायले तर आत्ता समजलं."

सरपंचांची आई पहिली उठली. हात वर करायचा असतो हे तिला माहीत नव्हतं, ती नुसती उठून उभी राहिली. मग एकेक करून सगळ्या उभ्या राहिल्या. आईसमोर कोणता सरपंच ठराव मांडणार? सभागृह शाळेच्या मागे बांधायचं ठरलं.

कमान दुरुस्त झाली. या खेपेला बायांनीच जंगलातून बेलं आणि हिरडे आणले, आणि मडकी भर चौकात ठेवली, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या देखत. कमान जराशी डावीकडे झुकली आहे, पण उभी आहे. सभागृह सिमेंटचंच झालं आणि उद्घाटनाला इवायांना पुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी ते सोसलं.

आता लांबून कुणी बावडी पाहायला आलं तर इवाईच दाखवतात. पण राजे, खाण, कमान हे सगळं शेवटी, आणि तेही कुणी विचारलं तर. आधी पाहुण्याला खालपर्यंत नेतात, पाण्याने काठोकाठ भरलेला गुंड त्याच्या हातात देतात आणि "चढा" म्हणतात. बरेच पाहुणे कमानीपर्यंतच येतात. मागच्या वेळी मलाही चढायला लावलं. अर्ध्या वाटेत मी टेकलो, दम लागला होता, शर्ट भिजला होता. इवाई शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मी रोज एक आनतो आता. मले वाटलं होतं, सहज जमन."

विहीणबाईंचे गुडघे गेले आहेत. त्यांना खाली उतरवत नाही. त्या वर चिंचेखाली बसतात आणि इवाई भरलेला गुंड घेऊन सावकाश, भिंतीला धरत वर येतात. त्या दिवशीही आले. विहीणबाईंनी ओंजळ पुढे केली, त्यांनी धार धरली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि इवायांच्या पायांकडे पाहून विचारलं, "दुखते का?"

"हो," इवाई म्हणाले.